चावी कुणाकडे?

परवा मुलुंडहून पुतण्याचा फोन आला. त्यांच्या सोसायटीने पाण्याच्या पंपासाठी नवा कंट्रोलर बसवलाय. खालच्या टाकीत पाणी किती, गच्चीवरच्या टाकीत किती, पंप चालू की बंद, हे सगळं एका वेबपानावर दिसतं. पठ्ठ्या या वर्षी सोसायटीचा सेक्रेटरी झालाय, त्यामुळे उत्साह दांडगा.

"काका, ते पान सोसायटीच्या वाय-फायवर दिसतं, पण ऑफिसातून दिसत नाही. राऊटरमध्ये एक पोर्ट उघडून देशील का? पाच मिनिटांचं काम आहे म्हणतात."

काम खरंच पाच मिनिटांचं आहे. मी ते अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत कित्येक गाळ्यांत केलेलं आहे. तरी मी म्हटलं, "रविवारी येतो. तोवर कुणालाही त्याला हात लावू देऊ नकोस." साहेब जरा खट्टू झाले. काका म्हातारा झाला, असंही मनात आलं असेल. म्हणून हा लेख त्याच्यासाठी. बाकीच्या मंडळींनीही वाचायला हरकत नाही, कारण हल्ली घरोघरी काही ना काही "लांबून दिसणारं" असतंच.

उपनगरात वाढलेल्या माणसाला चावीवाला कोण ते सांगावं लागत नाही. महानगरपालिकेचा माणूस, हातात टी-आकाराची लांब लोखंडी चावी. ठरलेल्या वेळी येतो, रस्त्यातलं झाकण उचलतो, चावी आत घालून व्हॉल्व्ह फिरवतो आणि त्या गल्लीला पाणी येतं. लहानपणी आम्ही त्याच्याभोवती उभे राहून आटे मोजायचो. त्याच्याकडे मीटर नव्हता. चावीला किती जोर लागतो आणि पाइपातून आवाज कसा येतो, त्यावरून त्याला कळायचं. बघणारा तोच, फिरवणारा तोच, आणि काही चुकलंच तर बायका भांडायलाही त्याच्याशीच जायच्या.

मला वाटतं, कारखान्यातल्या नियंत्रणाचा गेल्या पन्नास-साठ वर्षांचा इतिहास म्हणजे या चावीवाल्याचे दोन तुकडे होण्याचा इतिहास आहे. आधी त्याचे डोळे लांब गेले, मग हात. आणि डोळे लांब नेणं वेगळं, हात लांब नेणं वेगळं, हे आम्हा लोकांच्या लक्षात यायला फार उशीर झाला. माझ्या तर फारच.

ज्याला आम्ही पीएलसी म्हणतो तो कंट्रोलर जन्मला अमेरिकेत. १ जानेवारी १९६८ला डिक मॉर्ली नावाच्या अभियंत्याने त्याचा आराखडा कागदावर मांडला, असं सांगतात. त्याआधी कारखान्यातलं डोकं म्हणजे भिंतभर रिले. शेकडो रिले टकटक करत उघडझाप करायचे आणि मोटारीचं नवं मॉडेल आलं की सगळी वायरिंग उपसून पुन्हा करायची. मॉर्लीच्या मंडळींनी त्याजागी एक पेटी केली, जिचं वायरिंग लिहून बदलता येई. तिचं नाव मोडिकॉन ०८४, कारण तो त्यांचा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प होता. सगळ्यात शहाणपणाची गोष्ट म्हणजे तिची लिपी त्यांनी रिलेच्या शिडीसारख्या आकृतीतच ठेवली. त्यामुळे रात्रपाळीच्या इलेक्ट्रिशियनला ती वाचता आली. यंत्राशेजारच्या माणसाला कळलं पाहिजे, हा विचार त्या पेटीच्या मुळातच होता.

मग १९७९ साली त्याच कंपनीने या पेट्यांना एकमेकींशी बोलायची एक भाषा दिली, मॉडबस. मरोळच्या एमआयडीसीत आजही एखादं पॅनेल उघडलंत तर बहुधा ती ऐकू येईल. इतकी सोपी की पुतण्यालासुद्धा एका संध्याकाळी शिकवेन. प्रत्येक निरोपात एक आकडा असतो. ३ आला तर अर्थ "अमुक खान्यातला आकडा वाच." ५ आला तर "अमुक स्विच चालू किंवा बंद कर." ६ आला तर "अमुक खान्यात हा आकडा लिही." बस्स.

आता यात काय नाही ते बघा. "तू कोण?" हा प्रश्नच नाही. पासवर्ड नाही, सही नाही, ओळख नाही. जो कोणी तारेवर ६ म्हणेल, त्याचं ऐकायचं. तेव्हा त्यात चूक काहीच नव्हती. तार एका पॅनेलपासून दुसऱ्या पॅनेलपर्यंत जायची आणि तारेला हात लावायचा तर आधी गेटवरच्या वॉचमनला ओलांडून यावं लागायचं. कुलूप तारेत नव्हतं, गेटवर होतं. वाचणं आणि फिरवणं यांत फक्त एका आकड्याचा फरक होता, पण तो आकडा उच्चारणारा माणूस आवारातलाच असायचा.

दुसरीकडे वेबची गोष्ट अगदी वेगळ्या टोकाने सुरू झाली. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत कॉफीचं एकच भांडं. जिने चढून यावं तर भांडं रिकामं! म्हणून १९९१ साली तिथल्या दोघा-तिघांनी त्याच्यावर कॅमेरा रोखला आणि चित्र आपापल्या पडद्यावर घेतलं. १९९३ साली ते चित्र वेबवर आलं आणि जगभरचे लोक दुसऱ्याची कॉफी बघत बसले. २००१च्या ऑगस्टमध्ये तो कॅमेरा बंद झाला. दहा वर्षं लोकांनी ते भांडं पाहिलं, पण एकालाही लांबून त्यातली कॉफी ओतता आली नाही. वेबवरून लांबचं यंत्र बघण्याची सुरुवात इतकी निरुपद्रवी होती.

आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ला इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुलं केलं. मोडेमची ती किरकिर आठवते ना? त्या काळात गाळ्यातल्या कंट्रोलरपर्यंत पोचायचं तर त्याच्या शेजारच्या मोडेमला फोन लावायचा. फोन उचलला जाई, किरकिर होई, चार आकडे येत आणि लाइन तुटे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस कंट्रोलरच्या आतच छोटा वेब सर्व्हर येऊ लागला आणि १९९९ साली मॉडबसचा इंटरनेटवरून चालणारा अवतार प्रसिद्ध झाला. त्याला दरवाजाचा क्रमांक मिळाला, पोर्ट ५०२. भाषा मात्र तीच ठेवली. ३ म्हणजे वाच, ६ म्हणजे लिही आणि तू कोण हे विचारायचं नाही. गेटवरचा वॉचमन होता तिथेच राहिला, तार मात्र आवाराबाहेर गेली.

२००५ साली एमटीएनएलचं ट्राय-बँड आलं आणि गाळ्या-गाळ्यांत चोवीस तास चालणारं इंटरनेट पोचलं. माझ्यासारख्यांचे दिवस आले. मालक बोरिवलीत, गाळा अंधेरीत, मधे हायवे. "घरून दिसेल का हो?" हा प्रश्न मला त्या दोन वर्षांत किती जणांनी विचारला असेल! आणि मी प्रत्येकाला "दिसेल की" म्हणालो.

त्याच वर्षी, २६ जुलैला, बघणं म्हणजे काय ते मुंबईला कळलं. चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मि.मी. पाऊस पडला. त्याच शहरात, त्याच दिवशी, कुलाब्याला ७३ मि.मी. दक्षिण मुंबईत बसलेल्याला खिडकीतून साधा पावसाळी दिवस दिसत होता आणि इकडे कुर्ल्यात, कलिन्यात माणसं बुडत होती. पाऊस मोजणारी यंत्रं होती, पण कुलाबा आणि सांताक्रूझ या दोन ठिकाणच्या नोंदी काही मिनिटामिनिटाला पालिकेच्या नियंत्रण कक्षात उमटत नव्हत्या. पुढच्याच वर्षी पालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापकांचं जाळं उभं केलं, बरीचशी यंत्रं अग्निशमन केंद्रांच्या छतांवर. दर पंधरा मिनिटांनी आकडा नियंत्रण कक्षात. आयआयटीचे प्राध्यापक कपिल गुप्ता यांनी या जाळ्याविषयी सविस्तर लिहिलेलं आहे.

अशा यंत्राच्या पोटात लहान मुलांच्या सी-सॉसारखी दोन खोबणींची पळी असते. एक खोबण भरली की पळी कलते, दुसरी वर येते, आणि प्रत्येक कलण्यागणिक एक टिचकी मोजली जाते. टिचक्या मोजायच्या आणि पाठवायच्या, एवढंच त्याचं काम. त्याला बाहेरून कुणी काही सांगू शकलं तरी पाऊस थांबणार नाही की वाढणार नाही! मला हे जाळं फार आवडतं. लांबून बघण्याचा हा सगळ्यात निर्मळ प्रकार आहे. डोळे लांब गेले, पण हात कुणाचाच कुठे गेला नाही.

आता माझी गोष्ट. घरच्यांपैकी फार थोड्यांना ती ठाऊक आहे.

२००८चा पावसाळा. अंधेरीच्या एमआयडीसीत एक लहानसा कारखाना होता. नाव सांगत नाही. औषधांना लागणारा एक कच्चा माल तिथल्या थंड खोलीत २ ते ८ अंशांमध्ये ठेवावा लागे. चिलरवर कंट्रोलर होता, त्याला मी वेबची सोय जोडून दिली आणि एक पान तयार केलं. वर खोलीचं तापमान, खाली दोन शब्द, "चालू" आणि "बंद". दोन्ही साध्या लिंक. टिचकी मारली की काम होई. मालकांना दाखवलं तेव्हा ते लहान मुलासारखे खूश झाले. खरं सांगायचं तर मीही झालो.

पहिल्या आठवड्यात पानाला पासवर्ड होता. मालक तो दोनदा विसरले आणि दोन्ही वेळा रात्री अकराला मला फोन. तिसऱ्यांदा फोन येऊ नये म्हणून मी पासवर्ड काढून टाकला. म्हटलं, पत्ता म्हणजे नुसते आकडे, कोणाला कळणार आहेत! आणि ते आकडे माझ्याही लक्षात राहत नसत, म्हणून माझ्या स्वतःच्या छोट्या संकेतस्थळाच्या एका कोपऱ्यात त्या पानाची लिंक ठेवली. घाटकोपरला सायबर कॅफेत बसलो असलो तरी उघडता यावं, एवढाच हेतू.

तिथे रात्रपाळीला एक वयस्कर ऑपरेटर होते. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणायचो. दर तासाला थंड खोलीबाहेरचा तापमापक बघायचा आणि रजिस्टरात आकडा लिहायचा, हे त्यांचं वर्षानुवर्षांचं काम. पान सुरू झाल्यावर मालक त्यांना म्हणाले, "नाना, आता ते लिहीत बसू नका. मी घरून बघतो. तुम्ही मागच्या बाजूला माल भरायला मदत करा." मी तिथे उभा होतो. मान डोलावली.

एका रात्री चिलर बंद पडला. सकाळी पाळी बदलताना खोलीचं तापमान १९ होतं. माल गेला. कंट्रोलरमध्ये नोंद होती ती एवढीच, पहाटे दोन वाजून एक्केचाळीस मिनिटांनी "बंद" आज्ञा. आवारात त्या वेळी पॅनेलजवळ जाऊ शकणारा माणूस एकच. नाना पुन्हा पुन्हा सांगत होते, "मी हात लावला नाही." मालकांनी त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

त्या संध्याकाळी मी घरून वेब सर्व्हरची भेटींची नोंद उघडली. दोन एक्केचाळीसला एक पाहुणा आला होता. त्याने आधी पान वाचलं, मग "चालू"ची लिंक उघडली, मग "बंद"ची. पाहुण्याने आपलं नावही प्रामाणिकपणे लिहून ठेवलं होतं. तो एका शोधयंत्राचा रांगता प्रोग्रॅम होता. माझ्या संकेतस्थळावरच्या लिंकवरून तो तिथे पोचला आणि समोर दिसेल ती प्रत्येक लिंक उघडून बघणं हे तर त्याचं कामच. मी पानावर "चालू" आधी आणि "बंद" नंतर लिहिलं होतं. उलट लिहिलं असतं तर चिलर क्षणभर थांबून पुन्हा सुरू झाला असता आणि कुणाला पत्ताही लागला नसता.

चोर नाही, हॅकर नाही, वैरी नाही. एक वाचनवेडा प्रोग्रॅम आला, त्याने वाचलं आणि गेला.

वेब ही मुळात वाचण्यासाठी केलेली गोष्ट. तिच्या नियमांत, १९९९च्या एचटीटीपीच्या दस्तऐवजात, हे स्पष्ट लिहिलेलं आहे की साधी लिंक उघडणं म्हणजे केवळ मजकूर मागणं, त्याने दुसरं काही घडता कामा नये. काही घडवायचं असेल तर त्याला वेगळी रीत आहे. मी तो नियम वाचला नव्हता असंही नाही. २००५ साली गूगलचा वेब अ‍ॅक्सिलरेटर आला होता. पानं पटकन उघडावीत म्हणून तो लिंक आधीच उघडून ठेवायचा आणि त्या नादात काही लोकांच्या वेबवरच्या नोंदी "काढून टाका" या लिंकांमुळे पुसल्या गेल्या. तेव्हा मी ते वाचून हसलो होतो.

नोंद पाहिली तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते. मी मालकांना फोन केला दुसऱ्या दिवशी दुपारी. मधल्या सोळा-सतरा तासांत मी काय करत होतो? खरं उत्तर असं की मी हिशेब करत होतो. मालाची किंमत, माझं नाव, पुढची कामं. त्या सोळा-सतरा तासांत नाना घरी काय सांगत असतील, हा विचार मला आला नाही असं नाही. आला, आणि मी तो बाजूला सारला. ही गोष्ट लिहायला मला इतकी वर्षं लागली ती शोधयंत्रामुळे नव्हे, या तासांमुळे.

मालक चिडले, पण माणूस सरळ होता. नानांना परत बोलावलं. मी वर्षभर त्यांचं काम फुकट केलं, त्याचं काही विशेष नाही. मी नानांना भेटायला गेलो तेव्हा ते फार काही बोलले नाहीत. त्यांनी स्वतःच्या पैशाने एक नवं रजिस्टर विकत आणलं होतं आणि दर तासाला आकडा लिहायला सुरुवात केली होती. कुणी सांगितलं नव्हतं. कुणी थांबवायची हिंमतही केली नाही.

तेव्हा कळलं की त्या कारखान्यात मी दोन चुका केल्या होत्या. कुलूप नसलेला दरवाजा ही पहिली, आणि ती दिसण्यासारखी होती. दुसरी अशी की लांबचे डोळे मिळाल्याबरोबर जवळचे डोळे काढून टाकायला मी मान डोलावली. नाना दर तासाला तापमापक बघत असते तर तीन वाजताच त्यांना कळलं असतं, आणि शोधयंत्राने चिलर दहा वेळा बंद केला असता तरी माल वाचला असता.

मग मी जगभरच्या गोष्टी वाचायला लागलो. ऑस्ट्रेलियात मरूची नावाच्या भागात २०००च्या सुरुवातीला सांडपाण्याचे पंप विचित्र वागू लागले. शेवटी सापडला तो वायटेक बोडेन. ती यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीतच पूर्वी काम केलेला हा गृहस्थ पालिकेने नोकरी नाकारली म्हणून रागावला आणि गाडीत रेडिओ घेऊन बाहेरून आज्ञा पाठवत होता. सुमारे आठ लाख लिटर मैला नाल्यांत आणि बागांत गेला. रेडिओवर पंप ऐकायचे, पण "तू कोण?" विचारायचे नाहीत. २००९ साली शोडान नावाचं शोधयंत्र आलं, जे वेबपानं शोधत नाही, इंटरनेटला जोडलेली यंत्रं शोधतं. "पत्ता कोणाला कळणार आहे" हे माझं वाक्य त्या दिवशी कायमचं मेलं. २०१०मध्ये स्टक्सनेट उघडकीला आला. इराणमधल्या युरेनियमच्या सेंट्रिफ्यूज फिरवणाऱ्या कंट्रोलरमध्ये शिरून तो त्यांचा वेग बिघडवी आणि त्याच वेळी बघणाऱ्यांच्या पडद्यावर जुनेच, ठीकठाक आकडे दाखवत राही. म्हणजे हात तर पळवलेच, डोळेही बांधले. तो पसरलेल्या देशांत इराण आणि इंडोनेशियाच्या पाठोपाठ भारताचं नाव होतं.

आणि मग आपली मुंबई. १२ ऑक्टोबर २०२०, सोमवार, सकाळी दहाच्या सुमारास वीज गेली. तुम्हा सगळ्यांना आठवत असेल, कारण कोविडमुळे निम्मी मुंबई घरूनच काम करत होती. लोकल जागच्या जागी थांबल्या, लोक रुळांवरून चालत निघाले, रुग्णालयांनी जनरेटर लावले. पडघा, कळवा, खारघर या बाजूच्या ४०० केव्हीच्या वाहिन्या एकामागोमाग गेल्या होत्या. मुंबईला अशा वेळी बाहेरच्या जाळ्यापासून तोडून तिच्या स्वतःच्या विजेवर चालू ठेवणारी बेटासारखी व्यवस्था १९८१पासून आहे आणि तिने मुंबईला अनेकदा तारलंय. त्या दिवशी ती टिकली नाही.

पुढे २०२१च्या फेब्रुवारीअखेर रेकॉर्डेड फ्यूचर या अमेरिकी कंपनीचा अहवाल आला. त्यात भारतातल्या भार-नियंत्रण केंद्रांच्या यंत्रणांत चीनशी जोडलेल्या गटाचा शिरकाव झाल्याचं म्हटलं होतं. १ मार्चला राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सायबर विभागाच्या अहवालाच्या आधारे घातपाताची शक्यता बोलून दाखवली. लगेच केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले की मुंबईची वीज मानवी चुकीमुळे गेली, सायबर हल्ल्यामुळे नव्हे.

वर्तमानपत्रं "चीन की चूक" यावर भांडत राहिली. मला मात्र त्या वादात नाना दिसत होते. काहीतरी बंद पडतं, आज्ञा कुठून आली ते पटकन सांगता येत नाही आणि बोट दाखवायला जवळ उभा असलेला माणूस सोयीचा असतो. तो कधी खरोखर चुकलेलाही असतो, नाही असं नाही. पण ज्या यंत्रणेत "कुणी सांगितलं?" याची खात्रीची नोंद नसते, तिथे जवळच्या माणसाला निर्दोष ठरवता येत नाही आणि लांबच्याला दोषी ठरवता येत नाही. मी पासवर्ड काढला तेव्हा फक्त दरवाजा उघडा राहिला नव्हता. नानांचा साक्षीदारही मी घालवला होता.

तर पुतणेसाहेब, रविवारचा बेत असा. पोर्ट उघडायचं नाही. बाहेरून आत येणारा दरवाजाच ठेवायचा नाही. कंट्रोलरच्या शेजारी एक लहान पेटी बसवू. ती दर पाच मिनिटांनी टाक्यांचे आकडे वाचेल आणि स्वतः बाहेर पाठवेल. त्या पेटीला मॉडबसमधला ३ तेवढा बोलता येईल, ५ आणि ६ मी तिच्या तोंडातून काढून टाकणार आहे. तुला ऑफिसातून पान दिसेल, पण त्यावर "चालू" आणि "बंद" नसेल. त्या पानालाही पासवर्ड असेल आणि तो विसरलास तर मला रात्री अकरालाही फोन कर, मी उचलीन. कंट्रोलरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलू. कधी आत शिरून काही दुरुस्त करावंच लागलं तर व्हीपीएनने, प्रत्येकाच्या वेगळ्या नावाने, म्हणजे कोण आलं होतं ते लिहिलेलं राहील.

आणि गच्चीवरच्या टाकीत तरंगणारा तो साधा फ्लोट आहे ना, टाकी भरली की पंप थेट तोडणारा? तो काढून टाकायचा ठराव तुमच्या कमिटीत आलाय असं वहिनींकडून कळलं. तो मागे घ्या. त्याला इंटरनेट कळत नाही, हाच त्याचा गुण.

शेवटचं. तुमचे वॉचमन रोज सकाळी गच्चीवर जाऊन टाकीत डोकावतात आणि वहीत लिहितात. "आता त्याची काय गरज" असं तू फोनवर म्हणालास. गरज आहे. वही मी घेऊन येतोय, दोनशे पानी.

तुमच्यापैकी कुणी अशी कामं केली असतील, किंवा कुणाच्या घरी असे नाना असतील, तर जरूर लिहा. वाचायला आवडेल.